ताई ठरवून आली होती

ताईने मला ते जेवताना सांगितलं. मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आमच्या फ्लॅटवर ती आदल्या दिवशी पोचली होती, झोप पुरी झाली होती, आणि मी तिच्यासाठी सुरमई तळली होती. तिने अर्धा तुकडा खाल्ला, काटे ताटाच्या कडेला नीट रचले आणि म्हणाली, "मला परवानगी मिळाली."

"कसली?"

"मरायची."

माझा नवरा भात वाढून घेत होता, त्याचा हात पातेल्यातच राहिला. मला वाटलं, चेष्टा करतेय. तीन वर्षं बीजांडकोशाचा कॅन्सर सोसून तिच्या चेष्टा फार कडवट झाल्या होत्या. पण ही चेष्टा नव्हती. ती राहते त्या कॅनडात तसा कायदा आहे. दोन डॉक्टरांनी तिला वेगवेगळं तपासलं, तिच्याशी बोलले, दोघांनीही होकार दिला. केमो बंद झाली होती, आता काही उपयोग नव्हता. परत गेल्यावर एक दिवस ठरवायचा, डॉक्टर घरी येणार, शिरेतून औषधं देणार, काही मिनिटांत सगळं आटोपणार. हे सगळं तिने नव्या फ्रिजची माहिती द्यावी तशा आवाजात सांगितलं.

"मार्चच्या मध्यावर म्हणतेय," ती म्हणाली. "तोवर बर्फ कमी होतं. लोकांना यायला बरं पडेल."

"लोकांना यायला? लग्न आहे का तुझं?"

"ओरडू नकोस. जेवतोय आपण."

मी माझं ताट उचललं, तिच्यापुढचंही उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ पूर्ण सोडला. बाहेर नवरा तिला हळू आवाजात काहीतरी विचारत होता आणि ती त्याला शांतपणे उत्तरं देत होती. मला त्या दोघांचाही राग आला. त्याचा जरा जास्त, कारण तो विचारत होता.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही अंबरनाथला, वडिलांच्या कारखान्याच्या वसाहतीत वाढलो. बाबा गेले तेव्हा ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि त्या दिवसापासून घर तिने हातात घेतलं. आईने नोकरी करावी की शिवणकाम, हे तिने ठरवलं. मी सिव्हिलला जावं हेही तिनेच ठरवलं, आणि मी आज मस्कतमधल्या एका कन्सल्टन्सीत गटारांची ड्रॉइंग्ज तपासते ती त्यामुळेच. माझं लग्न कुणाशी व्हावं हेसुद्धा तिने ठरवत आणलं होतं, तेवढं एक मी हाणून पाडलं. पुढे ती कॅनडाला गेली आणि फोनवरून ठरवू लागली. आमच्यात प्रेम नव्हतं असं नाही. पण मला समजायला लागल्यापासून ती ठरवणार आणि मला कळवणार, असंच चालत आलं. आता ती हेही कळवायला आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या बसेस खाली रांगेने उभ्या होत्या, हॉर्न चालले होते आणि ताई बाल्कनीत शाल घेऊन बसली होती. मी चहा ठेवला. रात्रभर तयारी करून ठेवलेलं बोलायला सुरुवात केली.

"परत जाऊच नकोस. इथेच राहा. मी रजा काढते. सगळं करीन तुझं. आईचं केलं तसं."

"तेच नकोय मला," ती म्हणाली.

"तेच म्हणजे?"

"आईचं केलंस तसं."

आईला पक्षाघात झाल्यावर मी तिला मस्कतला आणलं होतं. शेवटचे आठ महिने ती आमच्याकडे होती, त्याच खोलीत, जिथे आता ताईची बॅग उघडी पडली होती. मी ऑफिसला जाण्याआधी तिला पुसायची, भरवायची, आल्यावर परत तेच. पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्री उठून कूस बदलून द्यायची. ताई त्या काळात दहा दिवस येऊन गेली होती.

"तू डायपर बदलायचीस तेव्हा आई भिंतीकडे तोंड फिरवायची," ताई म्हणाली. "तू कामात असायचीस, तुला दिसलं नसेल. मला दिसलं."

मला दिसत होतं. आठ महिने, रोज दिसत होतं. दिसत असूनही हात थांबवायचे नसतात, कारण थांबवले तर करणार कोण? कुणीतरी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कष्टाचं काम उचलून, "ते बघून मला मरावंसं वाटलं" असं माझ्या तोंडावर सांगत होतं. मी फक्त म्हटलं, "चहा पी. गार होतोय." आणि ऑफिसला निघून गेले. त्या दिवशी मी एका ज्युनियरवर इतकी ओरडले की त्याने संध्याकाळी नवऱ्याला फोन करून माझी तब्येत विचारली.

ती तीन आठवड्यांसाठी आली होती. पहिला आठवडा आम्ही एकमेकींशी फक्त जेवणाबद्दल बोललो. खालच्या मजल्यावरची रत्नागिरीची भाभी तिला भेटायला आली. तिच्या नवऱ्याचा मवालेहच्या बाजारात भाजीचा गाळा होता. तो बाजार तेव्हा अजून तिथेच होता, शहराबाहेर हलला नव्हता. भाभीने ताजी शेवग्याच्या शेंगांची जुडी आणली होती. ताईचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "बरं व्हशील गो. अल्लाच्या घरी देर हाय, अंधेर नाय." ताई म्हणाली, "मी बरी होणार नाहीये. मार्चमध्ये जाणार आहे." भाभीला वाटलं कॅनडाला जाणार आहे. "मग अजून हायस की दोन महिनं," ती खुशीत म्हणाली. मी ताईकडे असं बघितलं की ती पुढचं बोलली नाही. या देशात असलं काही उघड बोलायची सोय नाही, आणि भाभीच्या तोंडावर बोलायची तर मला अजिबातच नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याने डोंगरापायथ्याच्या रुस्ताक गावाला जायचं काढलं. आम्ही दोघी एका घरात घुसमटतोय हे त्याला दिसत होतं. जानेवारीची हवा छान होती. गाडीत ताई पुढे बसली, मी मागे. बरकाच्या पुढे डोंगर दिसायला लागले तेव्हा नवऱ्याने, त्याच्या स्वभावाप्रमाणे अगदी जपून, विषय काढला. आम्ही बौद्ध. घरात रोज वंदना होते. तो म्हणाला, "ताई, रागावू नका. पण पंचशीलातलं पहिलं शीलच जीव न घेण्याचं आहे. तुम्हाला ते मनात येत नाही का?"

"येतं की," ताई म्हणाली. "पण मी कुणाचा जीव घेत नाहीये. जीव कॅन्सर घेतोय. मी फक्त वेळ ठरवतेय."

"आणि डॉक्टर काय करतोय?" मी मागून म्हणाले. "तो मसाज करायला येणार आहे का?"

"तो मदत करतोय."

"मदत! तुला मारायला घरी येणाऱ्या माणसाला तू मदत म्हणतेस. तो बूट काढून आत येणार, का घालूनच?"

ताई मागे वळली. "तुला नक्की कशाचा राग आहे? मी मरतेय याचा, की तुला विचारून मरत नाहीये याचा?"

"दोन्हीचा," मी म्हणाले.

नवऱ्याने रेडिओ लावला.

रुस्ताकला गरम पाण्याचा झरा आहे. लोक त्या पाटात पाय सोडून बसतात. ताईही बसली. बराच वेळ बसली, डोळे मिटून. मग आम्ही सूककडे, तिथल्या जुन्या बाजाराकडे निघालो आणि किल्ल्याजवळच्या गल्लीत ती अचानक पोट धरून वाकली. तिला उलटी झाली, हिरवी, थांबेचना. खजूर विकणाऱ्या एका म्हाताऱ्या ओमानी माणसाने आपली खुर्ची दिली, पाण्याची बाटली उघडून दिली आणि आपली टोपी सारखी करत "ला बास, ला बास", काही नाही, काही नाही, म्हणत राहिला. ताईचं कपाळ बर्फासारखं होतं. आम्ही तिला मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजवलं आणि मस्कतला परत निघालो. गाडीभर प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. तेवढ्या वेळात ती माझ्याशी एकच वाक्य बोलली: "मला इथे मरू देऊ नकोस."

हॉस्पिटलमध्ये सांगितलं की आतडं गाठींनी दाबलं गेलंय, पोटात पाणी झालंय, रक्तातलं सोडियम फार खाली गेलंय. नाकातून नळी घातली, पोटातलं पाणी काढलं. पहिला पूर्ण दिवस ती भ्रमात होती. मला आई समजून ती म्हणत होती, "फी भरली मी, तू झोप." सलाइनमधून सोडियम सुधारलं तसं भान आलं. डोळे उघडून तिने पहिला प्रश्न विचारला, "मी काय काय बोलले?"

मी सांगितलं. ती घाबरली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला घाबरलेलं पाहिलं. त्या कायद्यात असं आहे की इंजेक्शन देण्याआधी डॉक्टर शेवटचं विचारतो, आणि तेव्हा माणूस पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या तोंडाने हो म्हणणारा हवा. तसं आधीच लिहून ठेवायची एक सोय होती, पण ताईने ती घेतली नव्हती. शुद्ध हरपल्यावर आपल्या वतीने कागद बोलणार, हे तिला नको होतं. म्हणजे भान गेलं की तिची परवानगीही गेली.

त्या क्षणापासून तिने दुखण्याचं औषध कमी करायला लावलं.

डॉक्टर केरळची बाई होती, माझ्याच वयाची, आखूड केसांची. तिला ते कळेचना. "दुखणं सोसायची काहीच गरज नाहीये," ती ताईला सांगत होती. "मॉर्फिन थोडं वाढवू. झोप येईल, जरा गुंगी राहील, पण आराम पडेल."

"गुंगी नको," ताई म्हणायची.

कारण ती सांगणार नव्हती आणि मीही सांगू शकत नव्हते. मग कळ आली की ती उशीचा कोपरा दातात धरायची. कपाळावरची शीर फुगायची. मी शेजारी बसून ते बघायची. शांतपणे मरता यावं म्हणून माझी बहीण जिवंतपणी उशी चावत होती. तिच्या त्या सुसंस्कृत देशात, हसतमुख डॉक्टरांपैकी कुणी तिला हे सांगितलं होतं का?

तिच्या मुलीला मी फोन केला. ती मिळेल त्या विमानाने निघाली. मधल्या दिवसात डॉक्टरने मला आपल्या खोलीत बोलावलं.

"पेशंट सारखी परत जायचं म्हणतेय," ती म्हणाली. "घरी जायची ओढ असतेच. पण एअरलाइनला माझं सर्टिफिकेट लागेल. मला विचाराल तर इतका लांबचा प्रवास नको. वाटेत काहीही होऊ शकतं. तुम्ही बहीण आहात. तुम्ही नको म्हणालात तर मी तसं लिहिते, विषय संपला."

माझ्या एका "नको"वर सगळं थांबणार होतं. ताई इथे, माझ्या हाताखाली, जशी माणसं मरतात तशी मेली असती. कुणी दिवस ठरवला नसता. मला ते हवं होतं. मी म्हटलं, "उद्या सांगते."

ताईला ते लपवणं शक्यच नव्हतं. खोलीत शिरताच तिने माझा चेहरा वाचला.

"ती तुला विचारतेय ना? जाऊ द्यायचं की नाही?"

"हो."

"म्हणजे आता तुझ्या हातात आहे."

"हो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात आहे."

"बरं वाटत असेल."

"फार."

"तुला मला आईसारखं झोपवून ठेवायचंय," ती म्हणाली. नळीमुळे तिचा आवाज घोगरा येत होता. "म्हणजे मग लोक म्हणतील, बहिणीचंही किती केलं हिने."

मी पाण्याचा ग्लास उचलला होता तो इतक्या जोरात ठेवला की नर्स आत डोकावली. "लोकांची पर्वा तू करतेस," मी म्हणाले. "लोकांना यायला बरं पडावं म्हणून बर्फ वितळायची वाट बघतेस. मी तुझं तोंडही बघायला येणार नाही."

"नको येऊस. फक्त जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी भाची पोचली. तिशीची मुलगी, कॅनडातच जन्मलेली. तिचं मराठी आईशी फोनवर बोलण्यापुरतं. नवऱ्याने तिला विमानतळावरून थेट हॉस्पिटलमध्ये आणलं. ताईला झोप लागली होती म्हणून आम्ही दोघी खालच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो.

"तुला पटलंय हे?" मी सरळ विचारलं.

ती कागदी कपाचा काठ कुरतडत होती. "मला पण नको आहे, मावशी. पण आईला पाहिजे."

"मग तिला सांगितलंस का, की तुला नको आहे?"

"नाही." तिचे डोळे भरले. "तिकडे तसं... कोणी बोलत नाही. सगळे खूप छान वागतात. डॉक्टर, सोशल वर्कर, आईचे फ्रेंड्स. सगळे म्हणतात, तुझा निर्णय आहे, आम्ही रिस्पेक्ट करतो. मग मी पण तेच म्हटलं. आई एकदा घरी येऊन म्हणाली, कोणी माझ्याशी भांडत पण नाही. मग तिने इकडचं तिकीट काढलं."

मला वाटतं भाचीला वाटलं होतं, हे ऐकून मी विरघळेन. माझं उलट झालं. म्हणजे तिकडे सगळ्यांनी आदर ठेवायचा, माना डोलवायच्या, आणि "मरू नकोस गं" म्हणायचं घाणेरडं काम विमानाने इतक्या दूर येऊन माझ्यावर टाकायचं? एकालाही तिला धरून ठेवावंसं वाटलं नाही? पोटच्या मुलीलाही नाही? मी भाचीला हे सगळं बोलले. आजूबाजूचे लोक बघत होते. ती रडत होती आणि "येस, येस" म्हणत होती. मग तिने नाक पुसलं आणि विचारलं, "आता काय करू?"

"आता वर जा आणि तिला सांग."

ती गेली. मी दाराबाहेर उभी राहिले. भाचीच्या मोडक्या मराठीतून मला "नको ना, आई" एवढंच स्पष्ट ऐकू आलं, दोनतीनदा. मग ताईचा आवाज, समजावणीचा. मी आत गेले तेव्हा भाची पलंगावर आईला चिकटून आडवी झाली होती आणि ताईने तिच्या केसांत हात घातला होता. ताईचा विचार बदलला नव्हता. तेवढ्यात कळ आली. तिने मुलीच्या केसांतला हात काढून घेतला, ओढले जाऊ नयेत म्हणून, आणि उशी तोंडात धरली. भाचीने हे आधी पाहिलं नव्हतं. ती किंचाळलीच.

मी डॉक्टरकडे गेले आणि म्हटलं, सर्टिफिकेट लिहा.

हे मी दयेने केलं असं कुणी समजू नये. मला एवढंच कळलं की ही बाई इथे राहिली तरी हट्ट सोडणार नाही. शेवटच्या घटकेपर्यंत ती शुद्ध टिकवायला उशी चावत राहील आणि मी ते बघत बसेन. ते मला जमणार नव्हतं. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. तिने काय ओळखलं मला माहीत नाही. "तुमची जबाबदारी," ती म्हणाली आणि लिहायला घेतलं.

मग एअरलाइनशी झगडा. स्ट्रेचर मिळणार नाही, मधल्या विमानतळावर ऑक्सिजन मिळेल की नाही सांगता येत नाही. काउंटरवरचा तरुण प्रत्येक प्रश्नाला "इन्शाल्ला" म्हणत होता. मी त्याला म्हटलं, इन्शाल्ला नको, लेखी दे. जी गोष्ट व्हायला नको होती तिच्यासाठी मी दोन दिवस लोकांशी भांडत होते. नवरा मला म्हणाला, "तू जरा बस." मी त्याला म्हटलं, "मधे पडू नकोस."

विमानतळावर व्हीलचेअरमध्ये ताई अगदी लहान दिसत होती. नाकातली नळी काढली होती. तिने विचारलं, "येशील तिकडे?"

"नाही."

"व्हिसा मिळाला तर?"

"मिळाला तरी नाही."

तिने मान हलवली. भाचीने खुर्ची ढकलली. मी दाराशी थांबले नाही, पार्किंगकडे चालू लागले.

मार्चचा मध्य आला. रमजान चालू होता, ऑफिस लवकर सुटत होतं. भाचीने दिवस कळवला. ताईच्या सकाळी, आमच्या संध्याकाळी. येणार नाही म्हटलं होतं, व्हिडिओ कॉलवरही नको म्हटलं होतं, पण त्या दिवशी मी रजा घेतली आणि घरात नुसती फिरत राहिले. दुपारी भाचीचा फोन आला: आईने आज नको म्हटलंय. बर्फ पडतंय, म्हणाली.

मी खुर्चीत बसले आणि माझे दात वाजायला लागले. आनंद झाला का? झाला. पुढच्या आठवड्याचा दिवस ठरला आणि आदल्या संध्याकाळी तोही रद्द झाला, या वेळी काही कारण न देता. तेव्हा मात्र मी ताईला फोन लावला.

"काय खेळ लावलायस? मी इथे दर वेळी तुझं मढं उचलून परत ठेवतेय. मर तरी, नाहीतर जग तरी!"

पलीकडे ती हसली. हसताना तिला दुखत होतं, ते ऐकू येत होतं.

"इथे कुणी असं बोललं तर त्याला समुपदेशनाला पाठवतील," ती म्हणाली.

"का नको म्हटलंस?"

"भीती वाटली."

ती असं बोलू शकते हेच मला माहीत नव्हतं. मी लगेच संधी साधली. "मग सोड ना. मॉर्फिन घे भरपूर, झोपून राहा, होईल तेव्हा होईल. कुणी तुला नावं ठेवणार नाही."

"त्याचीही भीती वाटते. त्याची जास्त वाटते." मग ती म्हणाली, "तू कॉलवर ये. भांडायचं असेल तर भांड. पण ये."

मी गेले. म्हणजे टॅबलेट जेवणाच्या टेबलावर उभा केला आणि त्याच्यासमोर बसले. नवरा माझ्या मागे उभा राहिला. पडद्यावर ताईची झोपायची खोली, खिडकीत राखाडी उजेड. भाचीने तिचे केस विंचरले होते. डॉक्टर पन्नाशीचा, स्वेटर घातलेला. त्याने वाकून कॅमेऱ्यात बघितलं आणि मला फार सौम्यपणे नमस्कार केला. मी उत्तर दिलं नाही. त्याने ताईला विचारलं, हे तुम्हालाच हवं आहे ना, थांबायचं असेल तर आत्ता थांबता येईल. ताईने मोठ्याने, ऑफिसात बोलावं तसं, "येस" म्हटलं.

मग ती माझ्याकडे वळली. "अजून राग आहे?"

"हो."

"खूप?"

"हो, ताई."

"बरं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा सैल झाला.

आमच्याकडे मगरिबची अजान सुरू झाली. खालच्या मजल्यावर भाभीच्या घरी भांड्यांचा आवाज झाला, लोक रोजा सोडत होते. पलीकडे डॉक्टरने पहिली सिरिंज जोडली. ताईने जांभई दिली. खरोखरची, मोठी, तोंड उघडून. भाचीने तिचा हात धरला होता. मग ती एकदा घोरली, आणि नंतर छातीवरची चादर हलायची थांबली. डॉक्टरने स्टेथोस्कोप लावला आणि भाचीकडे बघून मान हलवली. इतकं सोपं होतं. त्या सोपेपणाचा मला आजही संताप येतो. बहीण जाताना काहीतरी तुटल्याचा, फाटल्याचा आवाज तरी यायला हवा होता. माझ्या तोंडून तो आला. नवऱ्याने टॅबलेट बंद केला.

इथे आम्ही लोकांना सांगितलं, कॅन्सरने गेली. ते खोटं नाही. भाभी खिचडी घेऊन आली, मला जवळ घेऊन रडली. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईने "सुटली बिचारी" म्हटलं आणि मी तिला म्हणाले, "कशातून? माझ्यातून?" त्यानंतर मंडळात माझ्याजवळ येऊन कुणी फार बोललं नाही.

काही आठवड्यांनी कॅनडातून फोन आला. ज्यांनी ताईची सगळी व्यवस्था केली, त्यांच्या ऑफिसातली मुलगी होती. नातेवाईक कसे आहेत हे विचारायची त्यांची पद्धत असते. आवाज मधासारखा. मी कशी आहे, झोप लागते का, कुणाशी बोलावंसं वाटतं का. मी तिला म्हटलं, मला एकच विचारायचंय. माझी बहीण तुमच्याकडे आली तेव्हापासून शेवटपर्यंत, तुमच्यातल्या एकाने तरी तिला म्हटलं का, की जाऊ नका?

ती म्हणाली, ते आमचं काम नसतं. आम्ही निर्णयाचा आदर करतो.

"बरोबर," मी म्हणाले. "ते काम माझ्यावर आलं होतं." आणि फोन ठेवला.

आता यात कोण बरोबर, हे मला विचारू नका. ताई उशी चावताना मी पाहिलंय, आणि जांभई देऊन जाताना पाहिलंय. दुसरं पहिल्यापेक्षा बरं होतं हे कळायला मला कुठला कायदा नको. पण ज्या घरात सगळे इतके समजूतदार होते की एकाच्याही तोंडून "नको" निघालं नाही, त्या घराबद्दल माझ्या मनात अजून काही चांगलं येत नाही.

परवा शुक्रवारी दुपारी नवरा सोफ्यावर पडल्या पडल्या म्हणाला, "मला तसं काही झालं ना, तर मलाही तेच हवं असेल. इथे मिळणार नाही म्हणा. पण असतं तर."

मी पालक निवडत होते. म्हटलं, "परत बोल."

तो परत बोलला नाही. मी पालकाची जुडी तशीच कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये टाकली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तो बाहेरून दोनदा हाक मारून गेला. संध्याकाळी त्याने स्वतःच चहा केला, माझा कप दाराबाहेर ठेवला. मी तो घेतला, पण दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.